बुटीबोरीहून येताना गाडी मधेच बंद पडते, काय पाहावं?

जामठ्याचा_प्रवासी | १४ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २००६ ची, पेट्रोल, चार सिलिंडर, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर प्रश्न राहील बाजूला आणि 'तुमची भंगार, आमची भारी' यावरच दोनशे प्रतिसाद पडतील. बाबांनी घेतलेली गाडी आहे. १ लाख ३८ हजार किमी झालेत, १५ वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरणही करून घेतलंय. म्हणजे विकायची नाही, हे आधीच सांगतो.

रोज नागपूरच्या अजनीहून बुटीबोरीला ड्युटीला जातो. गेल्या महिन्यापासून गाडी मधेच बंद पडून राहिली. रोज नाही, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. जामठा ओलांडला की खापरीपर्यंत कुठेतरी. आधी गचके नाहीत, धक्के नाहीत, चालता पंखा बटन दाबून बंद करावा तसं इंजिन गप्प. घसरत घसरत कडेला घेतो. स्टार्टर जोरात फिरतो पण इंजिन धरत नाही. मग बॉनेट उघडतो, चारही दारं उघडी टाकतो आणि मेट्रोच्या पुलाखाली सावलीत उभा राहतो. १५-२० मिनिटांनी चावी फिरवली की पहिल्या फटक्यात सुरू. जसं काही झालंच नाही.

आतापर्यंत प्लग, पेट्रोल फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई आणि शेवटी टाकीतला पंप, सगळं झालं. साडेनऊ हजार गेले. पंप बदलल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मिस्त्री म्हणतात, माझ्यासमोर बंद पडली तर सांगतो. त्यांच्यासमोर ती हेडमास्तरांपुढच्या पोट्ट्यासारखी हाताची घडी घालून बसते.

टेंपरेचरचा काटा मध्यावरच असतो. एसीचा गॅस दोन उन्हाळ्यांपूर्वी गेला, तो भरला नाही. कोणाला काही सुचतं का?

वऱ्हाडी_ठेचा | १४ मे, रात्री ९:५२

४५ डिग्रीत माणसं बंद पडून राहिली भाऊ, तू गाडीचं काय घेऊन बसला.

इतवारीकर | १४ मे, रात्री १०:१५

टाकीत पेट्रोल किती ठेवता? पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. दोनशेचं टाकत टाकत चालवली तर पंप उघडा पडतो, तापतो, थकतो. माझ्या मेव्हण्याची गाडी काटोल रोडला अशीच बसायची. टाकी अर्धी ठेवायला लागला, निम्मा त्रास गेला. उरलेला निम्मा पंप बदलल्यावर गेला.

जामठ्याचा_प्रवासी | १४ मे, रात्री १०:३१

@इतवारीकर, अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही. आणि पंप नवाच आहे.

स्टेअरिंगवाले_काका | १५ मे, सकाळी ६:०५

३१ वर्षं बस चालवली, त्याच्या आधी मामांची ॲम्बेसेडर. आमच्या काळी याला एकच नाव होतं, एअरलॉक. पंप इंजिनाला चिकटलेला, कार्बोरेटर वर. ऊन लागलं की नळीतलं पेट्रोल उकळून वाफ व्हायची आणि पंप वाफ ओढू शकत नसे. तळेगावच्या घाटात मामा पंपावर ओलं पोतं टाकायचे, वरून लोटाभर पाणी, आणि आम्ही पोट्टे टरबूज खात बसायचो. अर्ध्या तासानं गाडी चालू. तुमचं लक्षण तंतोतंत तेच दिसतं. एकदा ओलं फडकं टाकून पाहा.

नटबोल्ट | १५ मे, सकाळी ८:२०

काका, आठवण छान, पण इथे लागू पडत नाही. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतून मागून ढकलतो आणि नळीत साधारण ३ बारचा दाब असतो. दाबाखालचं पेट्रोल सहजासहजी उकळत नाही, म्हणून एमपीएफआय आल्यावर एअरलॉकची गोष्ट जवळजवळ संपली. फडकं टाकायचं तरी कशावर? पंप तर मागच्या सीटखाली.

धागाकर्त्याला काही प्रश्न. अंदाजानं पार्ट बदलण्याआधी एवढं पाहाच :

बंद पडते त्या क्षणी आरपीएमचा काटा काय करतो? गाडी चौथ्यात, क्लच सोडलेला, म्हणजे चाकं इंजिनाला अजून फिरवत असतात. तरीही काटा टपकन शून्यावर येतो, की इंजिनाबरोबर हळूहळू उतरतो?

बंद असताना चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद पंपाचा 'घुंऽऽ' येतो का?

स्टार्टर बराच मारल्यावर पेट्रोलचा वास येतो का? वास आला तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. वास नाही तर उलट, किंवा दोन्ही नाही.

टाकीचं झाकण उघडलं की फुस्स आवाज येतो का? झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं तर टाकीत पोकळी होते आणि पंप ओढून ओढून थकतो. फुकटातली तपासणी आहे.

फ्यूज_काकू | १५ मे, सकाळी ९:०२

माझा एकच प्रश्न. सकाळी जाताना कधी बंद पडली आहे का?

सांबारवडी | १५ मे, सकाळी ९:४०

सगळा दोष पेट्रोलमधल्या त्या २० टक्के इथेनॉलचा आहे. २००६ च्या गाडीचे रबर पाइप, ओ-रिंगा त्यासाठी बनलेल्याच नाहीत. माझ्या जुन्या गाडीची रिटर्न लाइन (उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप) पाझरायला लागली होती, हात लावला तर पाइप शेवेसारखा तुटला.

इतवारीकर | १५ मे, सकाळी १०:११

घ्या, आला इथेनॉलवाला! आता धागा दोन पानं तिकडेच जाणार.

सांबारवडी | १५ मे, सकाळी १०:१९

का जाऊ नये? इथेनॉल पाणी ओढतं हे खोटं आहे का? पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं. पंप तळातूनच ओढतो. मग गाडी बंद पडणार नाही तर काय भजन म्हणणार?

नटबोल्ट | १५ मे, सकाळी ११:०५

पाणी आलं तर गाडी आधी गचके देईल, मिसफायर होईल, आणि २० मिनिटं सावलीत उभी करून पाणी उडून जाणार नाही. रबराचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, जुनी गाडी असलेल्या प्रत्येकानं पाइप तपासावेत. पण या गाडीचा रोग तो नाही. खटका दाबल्यासारखी बंद होणं आणि खटका दाबल्यासारखी सुरू होणं, याला बहुधा वीजच जबाबदार असते. पेट्रोल मरतं ते आचके देत.

सांबारवडी | १५ मे, सकाळी ११:१२

बघू.

वऱ्हाडी_ठेचा | १५ मे, दुपारी १:३०

माह्या मते गाडीले सासर बुटीबोरीचं असन. माहेरी यायले नखरे.

संत्रा_बर्फी | १५ मे, दुपारी २:१०

रोग सापडेल तेव्हा सापडेल, तोवर जीव सांभाळा. वर्धा रोडला मागून ट्रक कसे येतात ते ठाऊक आहेच. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकच्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरतीच पोकळी उरते, मग पेडल दगड. म्हणून ब्रेक पंप करू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं, ते तर अजिबात नको. चारही इंडिकेटर लावा आणि आधी कडेला या. डबलडेकर पुलावरून येत असाल तर सध्या खालूनच या, वर बंद पडलात तर थांबायला जागा नाही.

जामठ्याचा_प्रवासी | १५ मे, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आज पुन्हा बंद पडली, चिंचभुवनच्या अलीकडे. यावेळी डोळे उघडे ठेवले होते. आरपीएमचा काटा टपकन शून्यावर, गाडी ५० नं पळत असताना! पेट्रोलचा वास नाही. पंपाचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला, पण शेजारून ट्रक जात होते, काही कळलं नाही. झाकण उघडलं, फुस्स नाही.

नटबोल्ट | १५ मे, रात्री १०:४८

मग माझा पैसा क्रँक सेन्सरवर.

नव्या मंडळींसाठी सांगतो. क्रँक म्हणजे पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा. त्याच्या पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ दातेरी चकती फिरते, तिच्यासमोर हा सेन्सर. आत चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. दाते समोरून गेले की ठोके उमटतात आणि त्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, कळतं की इंजिन फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे. ठोके थांबले की ईसीयू समजतो इंजिन थांबलं. इंजेक्टर बंद, ठिणगी बंद, पंपही बंद. बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटाही याच ठोक्यांवर चालतो, म्हणून चाकं इंजिनाला फिरवत असतानाही काटा शून्यावर येतो.

गुंडाळीची तार कुठे तडकली असेल तर तापल्यावर पसरून सुटते, गार झाल्यावर पुन्हा टेकते. गरम असताना मेलेला, गार झाल्यावर जिवंत.

स्कॅनर लावला होता का? पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या बिघाडाचा कोड यायला हवा.

जामठ्याचा_प्रवासी | १५ मे, रात्री ११:०२

लावला होता. सॉकेट सोळा पिनांचं आहे, पण बाजारातलं ब्लूटूथवालं डबडं त्याच्याशी बोलतच नाही. एका गॅरेजमध्ये मोठा स्कॅनर लावला, त्यात एकही कोड नाही.

इतवारीकर | १५ मे, रात्री ११:१०

त्या काळच्या गाड्यांचं असंच आहे. आपल्याकडे ओबीडी (गाडीनं स्वतःचे बिघाड ठरलेल्या कोडमध्ये सांगायची पद्धत) सक्तीचं झालं ते बीएस-४ या धुराच्या नियमांबरोबर, २०१० नंतर. २००५ साली बीएस-३ फक्त मोठ्या निवडक शहरांत आलं, आपल्या नागपूरला तेव्हा बीएस-२ च. त्यामुळे प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी.

पोहे_तर्री | १६ मे, सकाळी ७:४५

थोडं अवांतर : माझी इंजेक्शनची बाईक गतिरोधकावर बंद पडायची. निघाला तो गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर, त्याचा स्क्रू ढिला. प्रत्येक धक्क्याला बिचाऱ्याला वाटायचं, मालक पडला.

वऱ्हाडी_ठेचा | १६ मे, सकाळी ८:०१

आपल्या रस्त्यांवर त्याचं काही चुकलं नाही बाप्पा.

सदरचा_सर्किट | १६ मे, सकाळी ९:३०

एलपीजी किट कधी बसवली होती का? किट काढली तरी इंजेक्टर तोडणारा रिले (विजेवर चालणारा खटका) आणि जोडलेल्या तारा आतच राहतात. मग दहा वर्षांनी त्या जोडावरची टेप सुटते आणि मालक पंप बदलत बसतो. चावीच्या स्विचचाही विचार करा. जुन्या गाडीत आतले संपर्क झिजतात. किल्ल्यांचा अर्धा किलोचा जुडगा लटकवत असाल तर आधी तो काढा.

जामठ्याचा_प्रवासी | १६ मे, सकाळी १०:०५

किट नव्हती. जुडग्यात फक्त टेकडी गणपतीचं लॉकेट आहे, ते काढणार नाही :) क्रँक सेन्सर मागवला आहे, १,१५० रुपये.

फ्यूज_काकू | १६ मे, सकाळी १०:४०

माझा प्रश्न तसाच राहिला. सकाळी?

जामठ्याचा_प्रवासी | २९ मे, रात्री ९:१५

मंडळी, आनंदाची बातमी! सेन्सर २० तारखेला बसवला. आज नववा दिवस, एकदाही बंद पडली नाही. @नटबोल्ट, तुम्ही देवमाणूस. ज्यांना शक्य असेल त्यांनी रविवारी या, पोहे-तर्री माझ्याकडून.

नटबोल्ट | २९ मे, रात्री ९:३२

देवबिव नको, तर्री वेगळ्या वाटीत द्या म्हणजे झालं. धाग्याच्या शीर्षकात 'सुटला' असं लिहून टाका, पुढच्यांना उपयोगी पडेल.

फ्यूज_काकू | २९ मे, रात्री ९:५०

शीर्षक राहू द्या अजून. २१ तारखेपासून संध्याकाळी पाऊस येतोय आणि पारा पाच-सहा डिग्री उतरलाय. सेन्सरनं बरी झाली की पावसानं, हे कसं ठरवलं?

नटबोल्ट | २९ मे, रात्री ९:५८

काकू, नऊ दिवस झालेत हो!

फ्यूज_काकू | २९ मे, रात्री १०:०४

नऊ ढगाळ दिवस.

जामठ्याचा_प्रवासी | ९ जून, रात्री ११:२५

काकूंच्या तोंडात साखर म्हणू की आणखी काही, कळत नाही. ऊन परतलं, गाडी पुन्हा बसायला लागली. गेल्या आठवड्यात दोनदा, आणि काल रविवारी आईसोबत.

वर्ध्याला मावशीकडे गेलो होतो. सकाळी मस्त गेली, ७५ किमी, कुठे शिंक नाही. गाडी दिवसभर अंगणात उन्हात. चारला निघालो. सेलूच्या पुढे बंद. त्याच त्या कवायती. मी बॉनेटमध्ये डोकं घालून नवा सेन्सर हलवून पाहतोय, तेवढ्यात आई आतून म्हणाली, "अरे, किटली नाही लागली आज."

तिला काय म्हणायचंय तेच कळेना. आमच्या आईला चेक इंजिनचा पिवळा दिवा चहाच्या किटलीसारखा दिसतो. रोज मी चावी फिरवली की ती पाहते. किटली लागते, मग गाडी सुरू होते, मग किटली विझते. तिच्या लेखी तो शुभशकुन. तर गाडी बंद असताना मी चावी ऑन करत होतो, तेव्हा ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागत होता, पण किटली लागत नव्हती. मी पाहिलंच नाही, लाल दिसले म्हणजे करंट आहे असं धरून चाललो. वीस मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली, आई म्हणाली, "लागली बघ." आणि गाडी सुरू.

याचा काही अर्थ आहे का?

नटबोल्ट | ९ जून, रात्री ११:४१

अर्थ? तुमच्या मातोश्रींना साष्टांग नमस्कार सांगा. मी हरलो.

फ्यूज_काकू | १० जून, सकाळी ६:३०

आता सविस्तर लिहिते. ३४ वर्षं सबस्टेशनवर काढली, गाडीतलं फार कळत नाही, पण वीज कुठे थांबली हे शोधणं हेच काम होतं.

लाल दिवे चावीच्या स्विचवरून थेट येतात. पिवळा दिवा ईसीयू लावतो. चावी ऑन आणि इंजिन बंद, अशा वेळी तो लागलाच पाहिजे. नाही लागला, म्हणजे ईसीयूलाच वीज मिळत नाही. क्रँक सेन्सर मेला असता तर ईसीयू जिवंत राहिला असता आणि किटली लागली असती. काटा शून्यावर येणं दोन्हीकडे सारखंच दिसतं, म्हणून नटबोल्ट यांची चूक म्हणता येणार नाही. आणि कोड का सापडला नाही तेही यातच आलं. फिर्याद लिहिणारा हवालदारच बेशुद्ध, तर नोंद कोण करणार?

आता माझा जुना प्रश्न. त्याचं उत्तर तुम्ही न विचारता वर्ध्याच्या गोष्टीत दिलंत. सकाळी ७५ किमी जाते आणि पडत नाही. बुटीबोरीला जातानाही पडत नसणार, नाहीतर इतक्या दिवसांत एकदा तरी सांगितलं असतं. इंजिन सकाळीही तितकंच तापतं, काटा मध्यावर म्हणजे मध्यावर. मग संध्याकाळी वेगळं काय? दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी आतून तापलेली असते, एसी नाही, आणि तापलेला डॅशबोर्ड लवकर उतरत नाही. आपण सगळे बॉनेटखालची उष्णता धरून बसलो होतो. तुम्ही बॉनेट उघडता आणि चारही दारंसुद्धा उघडता. माझ्या मते गाडी दारांमुळे सुरू होते.

तेव्हा डॅशबोर्डखाली शोधा. तिथे ईसीयूला वीज देणारा मेन रिले असेल.

सदरचा_सर्किट | १० जून, सकाळी ८:१५

काकूंना सलाम. हातानं करण्याजोगं मी सांगतो.

रिलेच्या तळाला चार पिना. ८५-८६ म्हणजे आतली गुंडाळी, ३० ला बॅटरीची वीज येते, ८७ मधून पुढे जाते. ८७ च्या तारेवर इंडिकेटरचा छोटा बल्ब जोडा, दुसरं टोक बॉडीला, आणि बल्ब समोर दिसेल असा ठेवा. इंजिन चालू ठेवून रिलेवर पेचकसाच्या मुठीनं टकटक करा. टकटकीनं काही झालं नाही तर रिलेला ऊब द्या.

ऊब कशानं? सकाळी सहाला, गाडी गार असताना, घरातला हेअर ड्रायर. फक्त रिलेवर, मध्यम आचेवर आणि अंतर ठेवून. प्लास्टिक वितळवून मला शिव्या देऊ नका. संध्याकाळची वाटच पाहायला नको.

तोच नंबरचा दुसरा रिले गाडीत असतो, बहुधा पंपाचा. अदलाबदल करूनही कळेल. पण तसं केलं तर मूळ रोगी पंपावर जाऊन बसेल आणि पुन्हा गोंधळ होईल, म्हणून मी ड्रायर म्हणतो.

वऱ्हाडी_ठेचा | १० जून, सकाळी ८:४०

बायकोचा ड्रायर गाडीले लावला त रिले सुधरन, घर बिघडन.

स्टेअरिंगवाले_काका | १० जून, सकाळी ९:१०

आमच्या वेळी ओलं पोतं, तुमच्या वेळी गरम ड्रायर. प्रगती आहे.

जामठ्याचा_प्रवासी | १२ जून, सकाळी ७:२०

आत्ताच खाली पार्किंगमधून वर आलो. हात काळे आहेत, तसेच टाइप करतोय.

रिले डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या डब्यामागे. डबा काढायला तीन स्क्रू. पाठ मोडली, पण सापडला. बल्ब जोडला, इंजिन सुरू केलं, टकटक केली, काहीच नाही. मग ड्रायर. शेजारचे पाटील काका फिरायला निघाले होते, "गाडीचे केस वाळवतोस काय रे" म्हणून थांबले ते थांबलेच. एक मिनिट, दोन मिनिटं, काही नाही. चौथ्या मिनिटाला बल्ब एकदा मिणमिणला आणि विझला. त्याच क्षणी इंजिन गप्प! चावी ऑन केली. लाल दोन लागले, किटली नाही. मागे पंपाचा आवाज नाही, सकाळच्या शांततेत अगदी स्पष्ट कळलं. ड्रायर बंद करून पाच मिनिटं थांबलो, बल्ब लागला, किटली लागली, गाडी सुरू. पुन्हा तापवलं, पुन्हा बंद. तीनदा केलं. पाटील काकांनी तिसऱ्यांदा टाळी वाजवली.

दोन महिने आणि साडेदहा हजार रुपये घालवलेला रोग मी माझ्या हातानं पाहिजे तेव्हा बंद-चालू करून पाहतोय, हे सुख शब्दांत सांगता येत नाही.

जामठ्याचा_प्रवासी | १२ जून, रात्री ९:०५

पुढचं. रिलेचं टोपण पेचकसानं उचकटलं. आत छोटी पट्टी, तिच्यावर पिनांचे सोल्डरचे टाके. बाबांचं दशमी-एकादशी पाहायचं भिंग घेतलं. ३० नंबरच्या पिनेभोवती टाक्याला केसाएवढी गोल चीर, पूर्ण वर्तुळ. पिन टाक्यातून सुटलेली, नुसती टेकून उभी. फोटो चढत नाहीये, पुन्हा प्रयत्न करतो.

नवा रिले ३२० रुपये.

नटबोल्ट | १२ जून, रात्री ९:३०

झकास. जुना रिले फेकू नका, पुन्हा टाका मारून डब्यात ठेवा, रस्त्यात कामी येईल. माझ्या मते टाका मारलेलाच बसवला असता तरी दहा वर्षं चालला असता.

सदरचा_सर्किट | १२ जून, रात्री ९:४४

नाही पटत. १९ वर्षं ठिणग्या खाल्लेले आतले संपर्कही काळे पडलेले असतात. टाका नवा, संपर्क जुने. ३२० रुपयांसाठी वर्धा रोडवर जुगार कशाला? नवाच बसवा. आणि रिलेखालच्या सॉकेटच्या पिना ढिल्या झाल्यात का तेही पाहा. ढिल्या असतील तर नवा रिलेही तापून तसाच जाईल.

नटबोल्ट | १२ जून, रात्री ९:५१

सॉकेटचं मान्य. बाकी टाक्यावरून आपण रविवारी पोह्यांवर भांडू.

सांबारवडी | १२ जून, रात्री १०:१०

म्हणजे इथेनॉल नव्हतं. ठीक आहे. पण पाइप तपासले का?

जामठ्याचा_प्रवासी | १२ जून, रात्री १०:२२

@सांबारवडी, तुमच्या धाकानं तपासले. रिटर्नचा पाइप खरंच कडक झालाय, वाकवला की बारीक चिरा दिसतात. बदलायला टाकतो. हे श्रेय तुमचं.

सांबारवडी | १२ जून, रात्री १०:२५

:) घ्या इतवारीकर.

फ्यूज_काकू | १३ जून, सकाळी ६:१५

नवा रिले बसवला की लगेच 'सुटला' लिहू नका. मृग लागलाय, पाऊस आला की पुन्हा सगळंच चांगलं चालेल. एक काम करा, नव्या रिलेलाही तसाच, तितकाच वेळ ड्रायर लावा.

जामठ्याचा_प्रवासी | १४ जून, सकाळी ७:०५

लावला. दहा मिनिटं. बल्ब ढिम्म, इंजिन चालूच. सॉकेटमधली एक पिन थोडी पसरली होती, सुईनं दाबून घट्ट केली. पाटील काका निराश होऊन फिरायला गेले.

जामठ्याचा_प्रवासी | ५ जुलै, रात्री ८:५०

तीन आठवडे झाले. मधे चार दिवस कडक ऊन पडलं, गाडी मुद्दाम कंपनीच्या आवारात भर उन्हात काचा बंद करून ठेवली. एकदाही नाही. शीर्षक बदलतो आता, काकूंची परवानगी असेल तर.

फ्यूज_काकू | ५ जुलै, रात्री ९:१०

आहे.

गोधनी_एक्सप्रेस | ११ जुलै, दुपारी ३:३५

नवीन सदस्य आहे. पूर्ण धागा वाचला नाही, माफी असावी. माझी पण २००८ ची गाडी गरम झाल्यावर बंद पडते. मेन रिले मागवून टाकू का?

वऱ्हाडी_ठेचा | ११ जुलै, दुपारी ३:४१

थांब बे. आधी सांग, किटली लागते का?